धावत्या वयातील मुलांचे वजन आणि जेवणाची कुरकुर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील पालक एक ते तीन वर्षांच्या मुलाला लसीकरणासाठी घेऊन येतात, तेव्हा लशीपेक्षा अधिक चर्चा वजनाची होते. ‘काही खातच नाही’, ‘खातो पण अंगी लागत नाही’ आणि ‘दिवसभर घरभर पळत असतो’ ही तीन वाक्ये बहुधा एकापाठोपाठच येतात. खालील उत्तरे पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या आणि एरवी निरोगी असलेल्या मुलांसाठी आहेत. अपुऱ्या दिवसांच्या किंवा दीर्घ आजार असलेल्या मुलांचे निकष वेगळे असतात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत त्यांच्या डॉक्टरांचे म्हणणेच प्रमाण मानावे.

पहिल्या वाढदिवसापर्यंत गुटगुटीत असलेले मूल चालायला लागल्यावर एकदम बारीक का दिसू लागते?

वाढीचा वेगच उतरलेला असतो म्हणून. बाळाचे जन्मवजन साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट होते. चौपट व्हायला मात्र त्यानंतर आणखी वर्ष-दीड वर्ष लागते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा निव्वळ वाढीवर खर्च होतो. दुसऱ्या वर्षात तोच हिस्सा दोन-तीन टक्क्यांवर येतो. शरीराची मागणी घटली की भूकही घटते, आणि मूल आता घरच्या जेवणाला लागेल अशी आपण वाट पाहत असतो नेमक्या त्याच महिन्यांत हे घडते.

शिवाय दुसऱ्या वर्षात उंची सुमारे १२ सेंटीमीटरने वाढते, कातडीखालची चरबी उतरते आणि पायांचे स्नायू भरू लागतात. मांड्यांच्या वळ्या जातात, चड्डी कमरेत सैल आणि लांबीला तोकडी होते. याला ‘सुकला’ म्हणण्याची घाई करू नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी वजन किती वाढायला हवे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार मुलग्याचे मध्यम वजन एक वर्षाला ९.६, दोन वर्षांना १२.२ आणि तीन वर्षांना १४.३ किलो असते. मुलीचे अनुक्रमे ८.९, ११.५ आणि १३.९ किलो. म्हणजे वर्षाला दोन ते अडीच किलो, महिन्याला सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास. ‘मध्यम’ याचा अर्थ निम्मी निरोगी मुले त्या आकड्याच्या खाली असतात, ही गोष्ट प्रत्येक घरी दोनदा सांगावी लागते. काळजीची खालची सीमा दोन वर्षांना मुलग्यासाठी ९.७ आणि मुलीसाठी ९ किलो, तर तीन वर्षांना अनुक्रमे ११.३ आणि १०.८ किलो आहे. माता व बाल संरक्षण कार्डावरील वजनाच्या आलेखात हिरवा पट्टा या सीमेच्या वरचा, पिवळा तिच्या खालचा आणि नारिंगी तीव्र कमतरतेचा असतो.

‘ही परदेशी मुलांची मापे आहेत’ असा आक्षेप नेहमी येतो. ज्या सहा देशांतील मुलांची मापे घेऊन ही मानके तयार झाली, त्यांत भारतही होता. दक्षिण दिल्लीतील, स्तनपान मिळालेली आणि बऱ्या परिस्थितीत वाढणारी मुले त्यासाठी निवडली होती. तेव्हा तो आक्षेप टिकत नाही.

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आलेखावरील रेषेची दिशा अधिक बोलते. जे मूल जन्मापासून खालच्या बाजूच्या एका रेषेला धरून शांतपणे वर सरकत आहे, त्याची चिंता कमी. जे वरच्या रेषेवरून सहा महिन्यांत दोन रेषा खाली उतरले, ते अजून हिरव्या पट्ट्यात असले तरी त्याची तपासणी व्हायला हवी.

दर आठवड्याला वजन करतो, कधी शंभर ग्रॅम वाढते, कधी दोनशे कमी होते. असे का?

कारण मुलाचे पोट, मूत्राशय आणि डायपर यांचेही वजन असते. नुकतेच दूध प्यायलेल्या आणि शौचाला न झालेल्या मुलाचे वजन दोन-तीनशे ग्रॅम सहज जास्त भरते, आणि महिन्याभराची खरी वाढ जेमतेम तेवढीच असते. म्हणून आठवड्याचे वजन ही निव्वळ मनस्तापाची सोय आहे. एकाच काट्यावर, डायपर काढून, एका पातळ कपड्यात, सकाळच्या वेळी, महिन्यातून एकदा वजन करावे. दोन वर्षांनंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते. आईने आधी स्वतःचे वजन करून मग मुलाला कडेवर घेऊन वजाबाकी करण्याची घरगुती पद्धत या वयासाठी फारच ढोबळ आहे. उंचीही मोजावी: दोन वर्षांपर्यंत आडवे निजवून, नंतर उभे करून. उभ्याचे माप सुमारे ०.७ सेंटीमीटरने कमी येते, म्हणून पद्धत बदलल्यावर मूल खुरटले असे समजू नये.

सतत धावपळ करतो म्हणूनच वजन वाढत नाही का?

थोडे खरे, पण पालक समजतात तितके नाही. या वयात बहुतेक ऊर्जा हृदय, मेंदू, श्वास, शरीराची ऊब यांवरच खर्च होते. पळण्याचा वाटा त्या मानाने लहान असतो. धावपळीचा खरा परिणाम वेगळा आहे. ज्याला नुकतेच पाय फुटले आहेत, त्याला ताटासमोर वीस मिनिटे बसणे ही शिक्षा वाटते, त्यामुळे अर्धवट भूक भागताच ते उठते.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. शरीराला खरोखर ऊर्जा कमी पडते तेव्हा मूल आधी हालचाल कमी करते, एका जागी बसून राहते, खेळात रस घेत नाही. सोसायटीच्या जिन्यावर चढ-उतार करून आईला दमवणारे मूल उपाशी असण्याची शक्यता कमीच असते. त्याला कमी धावायला लावू नये. फक्त जेवणाच्या आधी दहा मिनिटे खेळ मंद करावा, हातपाय धुवावेत, म्हणजे ते ताटासमोर शांतपणे बसू शकते.

शेजारचे त्याच महिन्यात जन्मलेले मूल दीड किलोने जास्त आहे. मग आमचे कमी नाही का?

नाही. आई-वडिलांची चण, जन्मवजन आणि उंची यांचा हिशेब न करता दोन मुलांची तुलना करण्यात अर्थ नसतो. बाबांचा स्वतःचा तिसऱ्या वर्षाचा फोटो आजीकडे मागून पाहावा. पुष्कळ प्रश्न तिथेच सुटतात.

आमचे मूल ‘काहीच खात नाही’. नेमके किती खायला हवे?

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ढोबळमानाने हजार किलोकॅलरी लागतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या गरजेच्या निम्म्यापर्यंत. दहा किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी साधारण तीनशे मिलिलिटर मावते आणि त्यात पाणीही आले. अर्धी पोळी, दोन-तीन चमचे भाजी आणि पाव वाटी घट्ट वरण एवढे जेवण या वयाला पुरेसे आहे. आपण त्याच्यासमोर मोठ्यांच्या वाटीभर भात ठेवतो, तो निम्मा राहतो, आणि ‘निम्मे टाकले’ अशी नोंद मनात होते.

‘काहीच’ या शब्दाचा पडताळा घेण्याचा साधा उपाय म्हणजे तीन दिवसांची वही. घरात जे-जे तोंडात गेले ते सगळे लिहावे: सकाळचे बिस्कीट, आजोबांच्या चहातले बुडवलेले टोस्ट, शेजारच्या काकूंनी दिलेला लाडू, संध्याकाळी तलावपाळीवर घेतलेले वेफर्स, झोपतानाची दुधाची बाटली. वही भरून आणणाऱ्या पालकांपैकी निम्म्यांना तपासणीच्या खोलीत यायच्या आधीच उत्तर सापडलेले असते.

जेवत नाही, पण दूध भरपूर पिते. तेवढा तरी आधार आहे ना?

हा आधार नसून बहुतेक वेळा तीच अडचण असते. समजा मूल दिवसात तीनशे मिलिलिटरच्या तीन बाटल्या गाईचे दूध पिते. नऊशे मिलिलिटर दुधातून जवळजवळ सहाशे किलोकॅलरी मिळाल्या, म्हणजे दिवसाच्या गरजेपैकी अर्ध्याहून अधिक भूक दुधानेच भागली. अशा मुलाने जेवायला नकार देणे हा नखरा नव्हे. त्याचे पोट भरलेले आहे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. दुधात लोह नगण्य असते आणि त्यातील कॅल्शियम व केसीन हे प्रथिन इतर अन्नातील लोहही शोषू देत नाहीत. लोह कमी झाले की भूक मंदावते, मूल चिडचिडे होते, आणखी दुधावरच राहते, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. तेव्हा ही शंका कोणत्याही घरात, अगदी घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींतही, घ्यायलाच हवी.

वर्षानंतर दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटर दूध, दही आणि ताक धरून, पुरेसे आहे. दूध जेवणाआधी नव्हे तर जेवणानंतर तास-दीड तासाने, आणि पेल्यातून द्यावे. बाटली दीड वर्षाच्या आत सुटलेली बरी. झोपेत बाटली तोंडात राहिल्याने पुढचे दात किडतात आणि दुखरे दातही जेवण टाळायला लावतात. बाटली तोडताना तीन-चार रात्री रडारड होते. ती सोसावी लागते, त्याला दुसरा मार्ग नाही. आईचे दूध वर्षानंतरही चालू असेल तर ते बंद करण्याची गरज नाही, मात्र दिवसा दर अर्ध्या तासाने अंगावर घेण्याची सवय जेवणाच्या वेळांभोवती आवरावी.

परवा आवडीने खाल्लेली भाजी आज थुंकून का टाकते?

दीड-दोन वर्षांच्या सुमारास अनोळखी अन्नाची भीती स्वाभाविकपणे वाढते आणि ती पाच-सहा वर्षांपर्यंत टिकू शकते. नुकतेच स्वतःच्या पायांनी फिरू लागलेले पिल्लू दिसेल ते तोंडात घालू लागले तर जगणार नाही. ही सावधगिरी निसर्गाने दिलेली असावी असे मानले जाते. त्यात ‘नाही’ म्हणता येते हा शोधही मुलाला याच वयात लागलेला असतो.

एखादा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलाला तो आठ ते पंधरा वेळा समोर दिसावा, हाताळता यावा, चाखता यावा लागतो. बहुतेक घरांत तीन-चार नकारांनंतर ‘त्याला भोपळा आवडत नाही’ असा निकाल लागतो आणि भोपळा ताटातून कायमचा जातो. त्याऐवजी ओळखीच्या दोन पदार्थांशेजारी नव्याचा एक लहानसा तुकडा ठेवावा आणि त्याविषयी एक शब्दही बोलू नये. चिवडला, चोखला, खाली टाकला, तरी ती एक भेट झालीच. घरातील मोठी माणसे तोच पदार्थ त्याच वेळी खात असतील तर काम अर्धे होते.

१९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी नुकत्याच वरच्या अन्नाला लागणाऱ्या बाळांसमोर साधे, प्रक्रिया न केलेले पदार्थ ठेवून निवड पूर्णपणे त्यांच्यावर सोपवली. एकेका जेवणातली निवड विक्षिप्त असे, तरी मुले उत्तम वाढली. या प्रयोगाचा आधार घेऊन ‘मुलाला जे हवे ते द्या’ असे सांगितले जाते, तेव्हा त्यातला अर्धा भाग गाळलेला असतो: समोर काय ठेवायचे ते मोठ्यांनीच ठरवले होते आणि त्यात साखरेचे पदार्थ नव्हते. काय, केव्हा आणि कुठे हे आपण ठरवायचे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. या पानावरील बहुतेक उत्तरे याच वाटणीवर उभी आहेत.

मोबाइल दाखवल्याशिवाय एकही घास जात नाही. निदान खाते तरी, मग काय बिघडले?

पडद्याकडे पाहणारे मूल घास गिळते, पण खात नाही. पोट भरल्याची जाणीव, चव, अन्नाचा वास आणि पोत यांपैकी काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या आठ-पंधरा भेटींतील एकही भेट होत नाही. दोन महिन्यांनी तेच मूल मोबाइल पाहूनही तोंड मिटून घेते आणि मग पालकांच्या हातात काहीच उरत नाही. भारतीय बालरोग अकादमीच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने.

यावर आजीचा रास्त प्रश्न असतो: ‘आम्हीही खिडकीत बसून काऊचा घास, चिऊचा घास करत भरवलेच की!’ फरक आहे. काऊ-चिऊच्या घासात भरवणाऱ्याचे आणि खाणाऱ्याचे डोळे एकमेकांकडे असतात, घास दिसतो, मूल मध्येच थांबवू शकते. तरीही दोन वर्षांच्या मुलामागे वाटी घेऊन तासभर फिरणे त्याही काळी फारसे उपयोगाचे नव्हते.

पडदा सोडवताना एकदम सगळ्या जेवणांचा बंद करावा. एका वेळी आहे आणि एका वेळी नाही, असे केल्यास मूल प्रत्येक वेळी भांडून पाहते. पहिले चार-पाच दिवस जेवण कमी होईल. जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत, मग न रागावता ताट उचलावे आणि पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत पाण्याशिवाय काही देऊ नये. हा शेवटचा भाग पाळला जात नाही आणि सगळे तिथेच फसते: जेवण नाकारल्यावर अर्ध्या तासाने ‘उपाशी कसा झोपवू’ म्हणून दिलेले बिस्कीट मुलाला नेमका चुकीचा धडा देते. नाक दाबून, हात धरून किंवा ओरडून भरवू नये. तसे भरवलेले बहुधा ओकारीतून बाहेर येते आणि ताटाची भीती मात्र आत राहते.

थोडेच खाणाऱ्या मुलाचे वजन वाढवण्यासाठी काय द्यावे?

प्रमाण वाढवण्याऐवजी घासाची घनता वाढवावी. वरणाचे वरचे पाणी, पेज, डाळीचे कढण आणि भाज्यांचे सूप हे पौष्टिक समजले जाणारे पदार्थ मुख्यतः पाणी असतात; ते लहानसे पोट भरतात आणि ऊर्जा फार कमी देतात. वरण चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट हवे.

चहाच्या चमचाभर साजूक तुपातून सुमारे ४५ किलोकॅलरी मिळतात. गुरगुट्या भातात, खिचडीत आणि पोळीच्या कुस्कऱ्यात मिळून दिवसभरात तीन चमचे तूप किंवा तेल गेले, तर घास न वाढवता सव्वाशेहून अधिक किलोकॅलरी वाढल्या. दहा ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटातून साधारण ५५ किलोकॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. तो भाजीत, दह्यात, थालीपिठात कुठेही खपतो. अंड्यातून सत्तर किलोकॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने. मेतकूट-तूप-भात, मूगडाळीचे धिरडे, दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व, तुपातला रव्याचा शिरा, केळ्याचे शिकरण, पनीर घातलेला पराठा, रताळे, तिळाचा कूट: आपल्या स्वयंपाकघरात याची कमतरता कधीच नव्हती. साखर मात्र दोन वर्षांपर्यंत टाळलेली बरी. शिरा आणि शिकरण केळ्याच्या गोडीवर होतात.

मासे खाणाऱ्या घरांनी संकोच करू नये. बेलापूरच्या दिवाळे गावातील मासळी बाजारातून आणलेल्या सुरमईचा किंवा रावसाचा काटे नीट काढलेला, तिखट न लावता तव्यावर परतलेला तुकडा दोन वर्षांच्या मुलाला उत्तम. मांदेली, बोंबील यांतील बारीक काटे त्रासदायक ठरतात, ते थोडे थांबून. आगरी-कोळी घरांत मुले वाटणाचे तिखट फार लवकर खाऊ लागतात हे खरे, पण त्यासाठी शर्यत लावू नये.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे आणि कच्च्या सफरचंदाच्या कडक फोडी चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत. पळता-पळता खाणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकणे ही नेहमी घडणारी आणि जीवघेणी घटना आहे. द्राक्षे लांबीत चिरावीत, दाण्यांचा कूट करावा.

रक्तवाढीसाठी बीट, खजूर आणि गूळ देतो. पुरेसे आहे का?

बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवते असे नाही. गूळ आणि खजुरातही लोह असते, पण मुलाला झेपेल एवढ्या प्रमाणातून त्याची गरज भागत नाही. अळीव, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, अंडे आणि मांसाहारी घरांत मटण किंवा कलेजी यांचा उपयोग अधिक. डाळ-भाजीवर लिंबू पिळल्याने त्यातील लोह चांगले शोषले जाते. चहा नेमके उलटे करतो, म्हणून मुलाला चहाची चव लावू नये. सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिडचे औषध आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर दिले जाते. माती, भिंतीचा पापुद्रा, खडू खाणाऱ्या मुलाचे रक्त तपासल्याशिवाय राहू नये.

आम्ही दोघेही नोकरी करतो, मूल दिवसभर पाळणाघरात असते. वेळापत्रक कसे बसवावे?

सकाळी ठाण्याहून मुंबईकडची किंवा वाशी-पनवेलकडची लोकल गाठणाऱ्या घरात मुलाला झोपेतून उठवून लगेच दूध पाजले जाते, साडेआठला पाळणाघरात नाश्ता समोर येतो आणि ते नाकारते. दूध तिथल्या दुपारच्या झोपेनंतर ठेवावे, सकाळी मात्र घरीच अर्धे धिरडे किंवा शिरा, कमी का होईना, द्यावा. तीन मुख्य जेवणे आणि मधली दोन लहान खाणी, प्रत्येकात अडीच-तीन तासांचे अंतर, एवढे पुरते. पाळणाघरातील ताईंना ‘सगळे संपवलेच पाहिजे’ असे सांगण्याऐवजी किती खाल्ले ते डब्याच्या झाकणावर चिठ्ठीने कळवायला सांगावे. रात्री नऊला आई-बाबा आल्यावर जेवण सुरू होणे या वयाला उशिरा होते. साडेसातला आजीने किंवा सांभाळणाऱ्या मावशींनी भरवलेले बरे, आई-बाबांच्या पानातला एक घास मग वेगळा.

वजन वाढवणारी पावडर किंवा भूक लागण्याचे औषध द्यावे का?

निरोगी मुलाला पावडरीची गरज नसते. दुधात घालायच्या बहुतेक पावडरींत साखर बरीच असते, त्यामुळे दूध आणखी प्यायले जाते आणि जेवण आणखी मागे पडते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात विकू नयेत असे ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले, यावरून बोध घ्यावा. सायप्रोहेप्टाडिन असलेली भुकेची औषधे मुळात ॲलर्जीची आहेत. त्यांनी झोप येते, औषध थांबले की भूक पुन्हा पूर्ववत होते, आणि दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणू तर मुळीच नये.

पावसाळ्यात सर्दी-जुलाब झाल्यावर वजन उतरते आणि परत भरतच नाही. काय करावे?

आजारात मूल जेवले नाही तर चालते, पाणी आणि आईचे दूध मात्र थांबवू नये. खरी संधी नंतरच्या दोन आठवड्यांत असते. भूक परतते आणि शरीर झीज भरून काढते. या काळात दिवसातून एक खाणे जास्तीचे द्यावे. जुलाबानंतर ‘पचणार नाही’ म्हणून दहा दिवस नुसत्या पेजेवर ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लागोपाठ आजार होत असतील, विशेषतः घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे असेल, तर नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी तपासून घ्याव्यात. ज्याला नाकाने श्वास घेता येत नाही त्याला चावणे आणि श्वास एकाच वेळी जमत नाही.

नजर लागली असे आजी म्हणतात. वाद घालावा का?

मीठ-मोहरी ओवाळल्याने मुलाचे काही बिघडत नाही, वजन करायला जाणे टळले तर बिघडते. दोन्ही करावे आणि घरात शांतता ठेवावी.

केव्हा वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे?

वजन सलग दोन-तीन महिने वाढलेच नाही किंवा उतरले, आलेख दोन रेषा खाली आला, उंचीही थांबली, जुलाब किंवा पातळ, तेलकट, दुर्गंधीयुक्त शी आठवडेच्या आठवडे चालू आहे, वारंवार उलट्या होतात, दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा खोकला आहे, किंवा घरात कोणाला क्षयरोग झालेला आहे, मूल पांढुरके, मलूल दिसते, दूध पिताना किंवा पळताना दम लागतो, आधी येणारे शब्द किंवा हालचाली मागे पडल्या, यांपैकी काहीही असल्यास. दंडाच्या मध्यभागचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण समजले जाते आणि त्याच दिवशी दाखवावे. साडेअकरा ते साडेबारा हाही इशाराच.

साधी बद्धकोष्ठताही भूक मारते, आणि ती दूध कमी केल्यावर पुष्कळदा आपोआप सुटते. मुलींत कारण न सापडणारा ताप आणि मंद वाढ असेल तर लघवीची तपासणी विसरू नये. कोणत्या तपासण्या करायच्या ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. सगळ्या तपासण्यांचे मोठे पॅकेज आधीच करून आणू नये.

मोजके पाच-सहा पदार्थच खाते, दाणेदार काही लागले की ओकारी काढते. हाही हट्टच का?

असेलच असे नाही. पदार्थांची यादी वाढण्याऐवजी आक्रसत असेल, वर्षभरानंतरही फक्त मिक्सरमधले गुळगुळीत अन्न चालत असेल, घास गालात तासन्‌तास धरला जात असेल, तर तोंडाच्या संवेदनेची किंवा चावण्या-गिळण्याच्या कौशल्याची अडचण असू शकते. सोबत नजरेला नजर न देणे, हाकेला न वळणे, बोलणे उशिरा येणे असेल तर विकासाची तपासणी लगेच करावी. अशा मुलाला ‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला लागू होत नाही. त्याला प्रशिक्षित थेरपिस्टची मदत हवी असते.

खासगी तपासणी परवडत नसेल तर कुठे जावे?

अंगणवाडीत वजन-उंचीची नोंद विनामूल्य होते आणि तीन वर्षांखालील मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो. इमारतीत राहणाऱ्यांनीही तिथे जायला हरकत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतात. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने मिळतो. महापालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे ठाणेकरांसाठी कळव्याला आणि नवी मुंबईकरांसाठी वाशी, नेरूळ व ऐरोलीला, बालरोग विभाग आहेत.

तपासणीला येताना सोबत काय आणावे?

जन्मापासूनच्या वजनाच्या सर्व नोंदी असलेले कार्ड, तीन दिवसांची खाण्याची वही, चालू औषधांची नावे, आणि दिवसभर मुलाला खरोखर भरवणारी व्यक्ती, मग ती आजी असो वा पाळणाघरातील ताई. आई-बाबांना ठाऊक नसलेली निम्मी माहिती तिच्याकडे असते. ‘जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ असे सांगून मात्र मुलाला आणू नये. काट्यावर पाऊल ठेवायच्या आधीच ते रडू लागते आणि त्या दिवशीचे वजन घेता येत नाही.